कोपऱ्याची खोली सोडून

मास्तर वाट अडवून उभे होते.

"तुम्ही म्हणे ही यंत्रं करता," ते म्हणाले. "मग शेजाऱ्याला एक आणि मला एक, असा दुजाभाव का?"

धाकटीला आधी काही कळेचना. मास्तर म्हणजे बाबांचे वृद्धनिवासातले शेजारी. जन्मभर गणित शिकवलेला माणूस, त्यामुळे समोरचा चुकलाय हे गृहीत धरूनच बोलायला सुरुवात करायचे. त्यांनी तिला आपल्या कोपऱ्याच्या खोलीत नेलं आणि पलंगाशेजारच्या भिंतीवरचा छोटा पडदा दाखवला.

"हे बघा. बटण दाबलं की हे आपलं रडत बसतं, अजून कोणी पाहिलेलं नाही, अजून कोणी पाहिलेलं नाही. आणि तुमच्या बाबांचं? दाबलं रे दाबलं की 'येत आहोत'. वर हिरवा दिवा. मुलीने बापाला चांगला माल दिला आणि मला उरलासुरला!"

धाकटी पोट धरून हसली. "अहो मास्तर, सगळीकडे एकच माल आहे. बाबांनी दाबलं तेव्हा मावशी टेबलाशी असतील, तुम्ही दाबलं तेव्हा नसतील. नशीब तुमचं."

मास्तर पुटपुटत पलंगावर बसले. धाकटीने पडद्याकडे पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू कोण तपासत बसतं? पुढे हे हसणं तिला फार लागलं.

तिला घरात धाकटी म्हणायचे आणि कचेरीतही तेच नाव चिकटलं होतं. कचेरी म्हणजे तरी काय, दादा आणि ती. दादा बोलायचा, ती करायची. दादाच्या जिभेवर साखर. कुठल्याही साहेबाच्या दारातून तो रिकामा परत येत नसे. वृद्धनिवासांच्या खोल्याखोल्यांतून लावायचे पडदे हे त्यानेच आणलेलं काम. म्हाताऱ्या माणसाने बटण दाबायचं, मजल्यावरच्या टेबलाशी बसलेल्या मावशींच्या पडद्यावर त्याचं नाव लुकलुकायला लागतं, मावशींनी नावाला बोट लावलं की इकडे खोलीत अक्षरं उमटतात, 'पाहिलं, येत आहोत'. बस, एवढंच यंत्र. पण अंथरुणावरून एकट्याने उठता न येणाऱ्या माणसाला ते एवढंसं नसतं.

बाबा शिंपी. आपली मुलगी नक्की करते तरी काय, हे त्यांना कधी कळत नसे, तेव्हा तिने एकदा त्यांच्याच भाषेत सांगितलं होतं. तुम्ही कसे खाकी कागदाचे साचे कापून खुंटीला अडकवून ठेवायचात? कॉलरचा एक, बाहीचा एक. गिऱ्हाईक कोणी का असेना, साचा तोच. तसं माझं. बटणाचा एक साचा, म्हणजे कॉम्पोनंट, मी एकदाच करते आणि सगळ्या इमारतींच्या सगळ्या खोल्यांत तोच लागतो. फरक एवढाच की तुमचा साचा नंतर बदलला तर आधी शिवलेले शर्ट बदलायचे नाहीत. माझा साचा बदलला की सगळीकडचं बटण एका दमात बदलतं.

बाबांनी थोडा विचार केला होता. "मग तू चुकलीस तर सगळीकडे चुकणार?"

"हो."

"जपून गं बाई," बाबा म्हणाले होते.

ती जपूनच करायची. ज्या भाषेत ती हे लिहायची, तिची तऱ्हाच तिला आवडायची. तिथे हुकूम सोडायचे नसतात, वर्णन करायचं असतं. 'आता अक्षरं हिरवी कर' असं म्हणायचं नाही. 'मावशींनी पाहिलेलं असतं तेव्हा अक्षरं हिरवी असतात' असं म्हणायचं. एकदा म्हटलं की झालं. मावशींचं बोट आणि खोलीतली अक्षरं यांची गाठ बसली. मग कोणी लक्ष ठेवो न ठेवो, ते वाक्य आपलं आपण खरं राहतं.

दादालाही तिनेच शिकवलं. जेवणाच्या टेबलावर, ताटं बाजूला सारून. पण त्याचा स्वभाव पडला हुकूम सोडायचा. घाई झाली की हा मध्येच हाताने किंमत, म्हणजे ठरलेलं उत्तरच, भरून टाकायचा. 'कर हिरवं!' आणि त्या भाषेत असं केलं की आधीची गाठ तुटते. तीही गुपचूप तुटते, हूं की चूं होत नाही. पुढे मावशींनी बोट लावलं काय नि न लावलं काय, अक्षरं आपली भरलेल्या किमतीला धरून बसतात. धाकटी कपाळाला हात लावायची. "अरे बाबा, सोय हवी असेल तर नीट दार ठेव. बाहेरून बदलता येईल असा एक गुण दे कॉम्पोनंटला, त्याला बरंसं नाव दे, न सांगितलं तर काय धरायचं ते लिही. आतलं आत राहू दे." दादा मान डोलवायचा आणि पुन्हा तेच करायचा. घरात ती एक जुनी थट्टाच झाली होती.

मास्तरांच्या तक्रारीआधी मध्यंतरी तिच्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, पट्टी आली, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता काही आठवडे कुठल्याही पडद्याकडे बघायचं नाही. काम अडायला नको म्हणून सगळ्या इमारतींत नवी आवृत्ती पाठवायची किल्ली, जी फक्त तिच्याकडे असायची, ती तिने दादाला दिली. आंधळ्यासारखी खुर्चीत बसून तिने तोंडाने किल्लीतलं एकेक अक्षर सांगितलं आणि त्याने टिपून घेतलं.

"काही बदलू नकोस रे," ती म्हणाली होती.

"वेडी का काय तू? साच्याला मी कशाला हात लावू?" दादा म्हणाला होता आणि तिच्या डोक्यावर टपली मारली होती.

मास्तरांची तक्रार झाली त्याच्या पुढच्या आठवड्यात ती बाबांकडे गेली तर बाबा खिडकीशी बसलेले, आणि अंगात कुणाचातरी भलताच ढगळ पायजमा. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात इस्त्रीशिवाय कपडा घातला नाही, त्याच्या अंगात! पलंगावरची गादी उभी करून भिंतीला टेकवली होती.

"हे काय बाबा?"

"काही नाही गं. पाणी सांडलं."

बाबा खोटं बोलले की कानाची पाळी चोळतात. चोळतच होते. त्यांच्या पायजम्याची नाडी आवळायला आलेल्या मावशींनी शेवटी सांगून टाकलं. "ताई, रागावू नका. सकाळी मी वरच्या मजल्यावर अडकले होते, एक आजी पडल्या होत्या. इकडे टेबलाशी कोणीच नव्हतं. आजोबांनी बटण दाबलं ते मला कळलंच नाही. तोपर्यंत बिचाऱ्यांचं... झालं मग अंथरुणातच."

"दुसऱ्यांदा दाबायचं ना बाबा! काठी आपटायची, हाक मारायची!"

"अगं, 'येत आहोत' म्हणत होतं," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "येणाऱ्या माणसाला हाका काय मारायच्या?"

धाकटी उभी होती तिथेच थिजली. टेबलाशी कोणी नव्हतं. मग बोट कोणाचं लागलं? बोट लागल्याशिवाय ती अक्षरं उमटूच शकत नाहीत. उमटू नयेत म्हणून तर तिने जिवाचं रान केलं होतं.

तिने बटण दाबलं आणि धावतच बाहेर टेबलाशी गेली. खुर्ची रिकामी. टेबलावरच्या पडद्यावर बाबांचं नाव लुकलुकत होतं; कोणी त्याला शिवलं नव्हतं. ती परत आली. खोलीत हिरवा दिवा लागला होता आणि खाली मोठ्या, वळणदार, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता यावीत म्हणून तिनेच खपून निवडलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'येत आहोत'.

कोणीही येत नव्हतं.

कचेरीत पोहोचेपर्यंत ती दादावर मनातल्या मनात तोंडसुख घेत होती, पण मायेनेच. केलं असेल याने घाईत काहीतरी. भरली असेल मध्येच हाताने किंमत, तुटली असेल गाठ. किती वेळा सांगितलं या माणसाला! चूक सापडली की त्याचा कान धरायचा, दुरुस्त करायचं, मग दोघांनी मिळून जाऊन बाबांची माफी मागायची. चूक सोपी असते. चुकीवर रागावता येतं आणि नंतर हसताही येतं.

तिने बटणाचा कॉम्पोनंट उघडला. हाताने भरलेली किंमत कुठेही नव्हती. तुटलेली गाठ कुठेही नव्हती. होता तो एक नवा गुण, अगदी वर, जिथे असायला हवा तिथेच. नाव दिलं होतं 'धीर'. न सांगितलं तर काय धरायचं? तर 'हो'. आणि खाली, सुबक शब्दांत वर्णन, की धीर असेल तेव्हा बटण दाबताच अक्षरं हिरवी असतात; धीर नसेल तेव्हा मावशींनी पाहिल्यावर. आतलं आत, बाहेर फक्त गरजेपुरतं. जन्मात पहिल्यांदा दादाने तिने शिकवल्यासारखं, नियमाने काम केलं होतं.

ती बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिली. घाईतल्या माणसाला असं नाव सुचत नाही.

दादा शेजारच्या खोलीत होता. कुठल्याशा प्रदर्शनात मांडायचा नमुन्याचा पडदा फडक्याने पुसत होता.

"धीर म्हणजे काय रे?" तिने दारातूनच विचारलं.

त्याने वेड पांघरलं नाही, एवढं मात्र खरं. "अच्छा, ते होय," तो म्हणाला. "तुला सांगणारच होतो. वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक बाईंचा हट्ट होता. अगं, 'कोणी पाहिलेलं नाही' असं वाचून माणसं घाबरायची. सारखं बटण दाबायची, घरी फोन करायची. मग घरचे बाईंना फोन करायचे. बाई म्हणाल्या, काहीतरी गोड लिहा, नाहीतर पुढच्या इमारतींना आम्ही दुसरं कोणी बघतो. आता बघ, सगळे कसे शांत बसतात."

"शांत बसतात, कारण त्यांना वाटतं कोणीतरी निघालंय."

"निघतंच की कोणीतरी. जरा उशिरा."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते."

"म्हणून नाही विचारलं," दादा म्हणाला, आणि पुन्हा फडकं फिरवायला लागला. जसं काही हिशेब इथेच मिटला.

"आज बाबा अंथरुणात ओले झाले, दादा. 'येत आहोत' वाचत पडून राहिले होते."

फडकं थांबलं. दादाचा चेहरा पार उतरला. "बाबा? छे! बाबांचं कसं होईल? बाबांच्या खोलीला तर मी..."

पुढचं वाक्य त्याने गिळलं. पण तिला ते न बोलताच ऐकू आलं. मास्तर तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, पडद्याकडे बोट करून तावातावाने बोलणारे. सगळ्या इमारतींत एकच पडदा होता जो अजूनही खरं बोलत होता, आणि त्याला बिचारे मास्तर टाकाऊ म्हणत होते.

"कोपऱ्याच्या खोलीला तेवढं 'धीर: नाही' लिहिलंस," ती म्हणाली.

दादाने फडकं टेबलावर ठेवलं.

"बाबा कोपऱ्याच्या खोलीत नाहीत आता. त्यांना शिवायला सकाळचा उजेड हवा होता आणि मास्तरांना ऊन सोसत नव्हतं. दोघांनी खोल्या बदलल्या."

"कधी?" दादाने विचारलं.

त्या एका शब्दाने तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कधी! बापाने खोली बदलून एक ऋतू उलटला होता आणि हा विचारतोय कधी. मनात बाप होता, नाही असं नाही. पण तो एका खोलीच्या नावावर लिहून ठेवलेला. बापाची काळजी त्याने एका ओळीत उरकली होती आणि मग तिकडे फिरकलाही नव्हता.

"म्हणजे खोटं आहे हे तुला चांगलं माहीत होतं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तेच तिला विचित्र वाटलं. "मला वाटलं होतं चुकून झालं असेल. मग वाटलं, चांगलं समजून केलं असेल. पण तू तर आधीच ठरवून मोकळा झाला होतास की हे जगातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना चालेल, आपल्या बापाला तेवढं चालणार नाही."

"मग काय, बाबांनाही तसंच ठेवायचं होतं?" दादा उसळला. "त्यांचा विचार केला हा माझा गुन्हा?"

"माझ्या डोळ्यांवर पट्टी होती, दादा. किल्ली मी स्वतःच्या तोंडाने सांगितली तुला. तू केसाने गळा कापलास माझा."

"एका बटणासाठी सख्ख्या भावाला असं बोलतेस?"

आत जाऊन तिने 'धीर' मुळासकट काढला, कोपऱ्याच्या खोलीची ती ओळ काढली, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं आणि नवी आवृत्ती सगळीकडे पाठवून दिली. दादा मागे येऊन उभा राहिला. "पुढच्या इमारती गेल्या म्हणून समज," तो म्हणाला. त्याने तिचा हात धरला नाही. पण जाताना दार असं आपटलं की नमुन्याचा पडदा भिंतीवरून निसटून लोंबकळायला लागला.

लहानपणी सायकल शिकवताना मागून धरलंय धरलंय म्हणत हात सोडणारा भाऊ तिला आठवला. तेव्हा ती पडली नव्हती, उलट पुढेच गेली होती, आणि वळून बघितलं तेव्हा तो लांबून टाळ्या वाजवत होता. एवढी वर्षं तिला ती आठवण गोड वाटायची. आज तीही नासली. त्याचा तिला दादाच्या खोट्याहूनही जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबांकडे गेली. बाबा खिडकीशी उजेडात बसून शर्टाला हातशिलाई घालत होते. गादी जागेवर आली होती, अंगावर स्वतःचे इस्त्रीचे कपडे होते. तिने काही न बोलता भिंतीवरचं बटण दाबलं. 'अजून कोणी पाहिलेलं नाही.' थोड्या वेळाने मावशींचं बोट लागलं असावं. अक्षरं हिरवी झाली आणि खरोखरच मावशी दारात हजर झाल्या.

"काही नाही मावशी, बघत होते," धाकटी म्हणाली. मावशी हसून गेल्या.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "केलंस दुरुस्त? बरं केलंस. मनाला फार लागलं असेल तुझ्या."

"तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? मास्तरांचं खरं बोलायचं, माझं खोटं. बिघडलं असतं तर दोन्ही बिघडली असती ना, एकाच साच्याची. तूच सांगितलेलंस. उसवलेली शिवण वेगळी दिसते आणि मुद्दाम घातलेली टीप वेगळी."

"मग मला बोलला का नाहीत?"

"काय बोलू?" बाबा पुन्हा शिलाईकडे वळले. "वरून कोणी सांगितलं असेल, नाइलाज झाला असेल तुझा. पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं. मास्तरांनाही मीच गप्प केलं. म्हटलं, तुमचंच बिघडलंय, माझ्या मुलीचं काम चोख असतं."

म्हणजे एवढे दिवस हे असे बसून होते. लेकीने आपल्याला फसवलं असं समजून. हिरवा दिवा लागला की तिचं खोटं वाचायचे, आणि कोणाला कळू नये म्हणून स्वतः खोटं बोलायचे. आणि काल सकाळी हाक मारली नाही ती भाबडेपणाने नव्हे. हाक मारली असती तर तिचं खोटं चव्हाट्यावर आलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "ते मी नव्हतं केलं."

सुई थांबली. कचेरीत माणसं दोनच आहेत हे बाबांना ठाऊक होतं. नाव विचारायची गरजच नव्हती, आणि त्यांनी ते उच्चारलंही नाही.

"त्याने?"

मध्यंतरी कामाला एखादा नवा मुलगा ठेवला होता, असं सांगता आलं असतं. यंत्रावर ढकलता आलं असतं. पण कालच तिने सगळ्या भिंतींवरून खोटं उतरवलं होतं; आता स्वतःच्या तोंडाने ते परत टांगायचं तिच्याच्याने होईना.

"हो," ती म्हणाली.

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. ती वाट बघत होती. त्यांनी रागवावं, दादाला शिवी हासडावी, निदान तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणावं की तुझ्यावर उगाच संशय घेतला. एवढं तरी तिच्या पदरात पडायला हवं होतं.

"त्याला सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून," बाबा म्हणाले. "फार मनाला लावून घेईल तो."

मग त्यांनी मांडीवरचा शर्ट सारखा केला, आणि तेव्हा कुठे तिचं त्या शर्टाकडे नीट लक्ष गेलं. बाह्या लांब होत्या. घरात एवढ्या लांब बाह्या एकालाच लागतात. बाबांनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, दोनदा सुईशी नेलं, दोन्हीदा चुकलं, आणि सुई तिच्यापुढे धरली.

"ओवून दे गं. कॉलरच राहिलीये त्याची."

तिने सुई घेतली. उजेडाकडे धरली. दोरा भोकाशी जायचा आणि बाजूला वळायचा. तिला भोकच दिसत नव्हतं, सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं झालं होतं.

"नवा डोळा करून आलीस," बाबा म्हणाले, "आणि साधा दोरा ओवता येईना होय?"